उपोषण सोडवणारा माणूस

७ एप्रिल. दुपारची जेवणं उरकल्यावर मोसंबीचा रस काढायला बसले. मिक्सरमध्ये बी चिरडून रस कडू होतो, म्हणून काचेच्या पिळणीवर एकेक फोड पिळायची आणि मग दोनदा फडक्यातून गाळायचा. चोथ्याचा एक तंतू घशात गेला तरी आप्पांना ठसका लागतो. रस चांगला निघाला होता. अडचण एवढीच होती की आप्पा तो पीत नव्हते. रस नाही, चहा नाही, पेज नाही. फक्त पाणी घेत होते, तेही चिमूटभर मीठ टाकून मागायचे.

आप्पा म्हणजे माझे वडील. नव्वदीला आलेले. स्मरण जाऊन बराच काळ झाला होता. मी कोण हे ते विचारायचेही थांबले होते. सकाळी डॉक्टर येऊन तपासून गेले होते आणि उद्या सकाळपर्यंत निर्णय कळवा असं सांगून गेले होते. नाकातून नळी घालायची की नाही, एवढाच प्रश्न होता. घातली तर काही महिने निघतील, पण हात पलंगाला बांधून ठेवावे लागतील, कारण असे रुग्ण नळी उपटतात. नाही घातली तर फार दिवस नाहीत.

"घरच्यांनी ठरवायचं," डॉक्टर म्हणाले. घरचे म्हणजे मी. भाऊ पुण्यात असतो आणि फोनवर ठरवतो. त्याने ठरवून टाकलं होतं. "नळी घाला. उद्या लोक म्हणतील, एवढा मोठा माणूस, मुलीने उपाशी ठेवला."

"तू ये आणि हात धर," मी म्हटलं. त्याला मीटिंग होती.

आप्पा का खात नाहीत हे सगळ्यात आधी कळलं ते त्यांचं बघायला ठेवलेल्या बाईला. ती अक्कलकोटकडची, चिडली की कानडीत बोलते. एका सकाळी ती पेजेची वाटी तशीच परत घेऊन आली.

"ताई, आजोबा म्हनत्यात, उपोषण हाय."

"कसलं उपोषण?"

"ते म्या इचारलं न्हाई. म्हनले, जेलरला सांगा, आमी खानार न्हाई. आता हितं जेलर मीच की तुमी?"

मी आत जाऊन बघितलं. आप्पा भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडले होते. तशा झोपण्याचा अर्थ मला लहानपणापासून माहीत होता. शक्ती राखायची असेल तर असं पडायचं, बोलायचं कमी, पाण्यात मीठ घ्यायचं, हे त्यांनी आम्हाला जेवताना कितीदा सांगितलेलं होतं. इतर घरांत जेवताना नातेवाइकांच्या गोष्टी होतात, आमच्याकडे उपोषणाच्या व्हायच्या.

आप्पा करकंबच्या बाजूचे. घरची शेती होती, तिच्यात भावांचंच भागत नव्हतं. सोलापुरात गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, म्हणजे कोणी गैरहजर राहिला तरच काम. फाटकावर रोज सकाळी उभं राहायचं आणि मुकादमाच्या बोटाकडे बघायचं. लाल बावट्यात ते पुस्तकं वाचून गेले नाहीत, त्या बोटामुळे गेले, असं ते स्वतःच सांगायचे. पुस्तकं नंतर आली. संप आले, भूमिगत राहणं आलं, जेल आला. जेलात त्यांनी राजकीय कैद्यांच्या मागण्यांसाठी उपोषण केलं. चौघांनी हातपाय धरले, नाकातून नळी घातली आणि दूध ओतलं. यांनी ते जेलरच्या बुटावर ओकलं. ही गोष्ट सांगताना ते वाटीतलं दूध बाजूला सारायचे. दूध त्यांनी नंतर कधीच प्यायलं नाही, फक्त चहातलं.

त्यामुळे डॉक्टरांनी नळीचं नाव काढल्यावर मला विचार करायला फारसं काही नव्हतं आणि तरीही दुपारभर मी तोच विचार करत होते.

पुढे आप्पा निवडून आले. पहिल्यांदा सायकलवर प्रचार केला, दुसऱ्यांदा जीपमधून. मग एक आघाडीचं सरकार आलं, त्यांना मंत्रिपद मिळालं, पक्षाने ते नको म्हटलं आणि यांनी घेतलं. पक्षाने काढलं की यांनी सोडलं यावर आमच्या घरातच दोन मतं होती. आई म्हणायची, "सोडलं कसलं, निसटलं." लोकांच्या तोंडी कॉम्रेड जाऊन साहेब आलं. घर तेवढंच राहिलं, हे मात्र कबूल करायला हवं. पैसे खाल्ले असं त्यांचे शत्रूही कधी म्हणाले नाहीत.

सरकारात त्यांचं खरं काम एकच होतं. कुठेही कोणी उपोषणाला बसलं की यांना पाठवायचे. स्वतः उपोषणं केलेला माणूस, बोलणं साधं, कपडे साधे, बसायचा तोही सतरंजीवर, खुर्ची नाकारून. लोक विश्वास ठेवायचे. गिरणी कामगार, ऊसवाले, अंगणवाडीच्या बायका, धरणात गाव गेलेले. आप्पा जायचे, हात हातात घ्यायचे, मागण्या तत्त्वतः मान्य करायचे आणि मोसंबीचा रस पाजायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आमच्याकडे अशा फोटोंची रास होती. माणसं बदलत, पेला आणि आप्पा तेच. आई ते फोटो बघून म्हणायची, "अहो, मी बसते उपोषणाला. तेवढ्यासाठी तरी घरी याल." ते हसायचे आणि बॅग उचलायचे. आई गेली तेव्हा ते विदर्भात कोणाला तरी रस पाजत होते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, तसं झालं होतं एवढंच.

मी कॉलेजात असताना त्यांच्याबरोबर एकदा गेले होते. त्यांच्या जुन्याच गिरणीसमोर उपोषण चाललं होतं. गिरणी बंद पडून वर्ष उलटत आलं होतं. सात रस्ता चौकातल्या विश्रामगृहात सकाळी मालकांशी बोलणी झाली. आप्पा बाहेर आले तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की काही मिळालेलं नाही. गाडीतून फाटकावर उतरले आणि त्यांचा आवाज बदलला, खोल आणि ऊबदार झाला. वाइंडिंग खात्यातली, कांड्या भरणारी एक बाई उपोषणाला बसलेल्यांत सगळ्यात खंगलेली होती. तिच्यापुढे ते बसले. पेल्यांचा ट्रे माझ्या हातात होता.

तिने पेला घेतला नाही. विचारलं, "साहेब, लेखी हाय का?"

"माझा शब्द आहे," आप्पा म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग प्यायली. ती प्यायल्यावर सगळे प्यायले. गिरणी उघडली नाही. आता तिथे लग्नाचं लॉन आहे, मी आहेर घेऊन तिथे जाऊन आलेली आहे. त्यानंतरच्या निवडणुकीत आप्पा पडले आणि परत उभे राहिले नाहीत. मग त्यांच्या पंचाहत्तरीला सत्कार झाला, राजकारणातला शेवटचा सज्जन असं सगळ्या वक्त्यांनी सांगितलं. ज्या पक्षांशी ते भांडले त्या सगळ्यांनी शाली दिल्या. त्या शाली मी कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्या आहेत.

त्या दुपारी रस गाळून होतो न होतो तोच आप्पांचा जुना सोबती आला. हा हातमागावरचा विणकर, तेलुगू घरातला, आप्पांपेक्षा थोडा लहान. पक्षात राहिला आणि पक्षातच म्हातारा झाला. आप्पा मंत्री झाल्यावर त्याने बोलणं सोडलं होतं. आप्पांचं स्मरण गेल्यावर मात्र तो यायला लागला. आता भांडायला काही उरलं नाही, असं त्याने मला सांगितलं होतं. तो मला अम्मा म्हणतो, आणि टोचायचं असेल तर मालकीण. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. नवरा गेल्यापासून मीच बघते. कॉम्रेडची मुलगी मागांची मालकीण झाली यावर तो आयुष्यभर पुरेल एवढं हसून घेतो.

मी त्याला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. डॉक्टरांचं मत असं होतं की उपोषण वगैरे काही नाही. या आजारात शेवटी माणूस गिळायचं विसरतो.

"मग पाणी कसं गिळतो?" तो म्हणाला. "अम्मा, हा आजार नाही. शिस्त आहे. उपोषण आहे ना? मग ते सोडवायचं. जगात असं उपोषण नाही जे सुटत नाही."

"कोण सोडवणार? सोडवणारा तर आत पडलाय."

"मागण्या मान्य झाल्या की सुटतं. तू मालक आहेस. मान्य कर."

वेडेपणाच होता. पण डॉक्टरांकडे याहून बरं काही नव्हतं, आणि माझ्याकडेही. आम्ही आत गेलो. म्हाताऱ्या सोबत्याने खुर्ची ओढली आणि आवाज चढवला.

"कॉम्रेड, मालक बोलणीला आलेत."

आप्पा वळले. मी येते, जाते, अंग पुसते, तेव्हा ते कधी बघत नव्हते. आता त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"बाई पाठवली?"

"बाईच मालक आहे," म्हातारा म्हणाला. "टॉवेलवाली. चिक्कू आहे, पण आलीय."

"बसा म्हणावं."

मी बसले. आप्पा डोळे मिटून एकेक मागणी सांगायला लागले, थांबत थांबत, पण क्रम न चुकता. हजेरीकार्ड. फंड. प्यायचं पाणी. कांड्या भरणाऱ्या बायकांना वेगळा संडास. ही यादी कुठल्या वर्षातली होती देव जाणे. माझ्या कारखान्यात यातलं प्यायचं पाणी आहे.

"मान्य," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

आप्पा माझ्याशी न बोलता सोबत्याला म्हणाले, "इतक्या लवकर मान्य करतात ते पाळत नाहीत."

"लेखी देतील, कॉम्रेड."

"लेखी मीही द्यायचो," आप्पा म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

आम्ही दोघं बाहेर येऊन ओट्यावर बसलो. त्याने विडी पेटवली. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"डोकं अजून चालतंय बघ त्याचं. बोलणी फसली. आता साखळी करायची."

"म्हणजे?"

"साखळी उपोषण. एक बसतो, त्याची पाळी संपली की दुसरा बसतो, पहिला रस घेऊन उठतो. त्यात कमीपणा नसतो. त्याच्या जागी तू बसायचं."

"मला संध्याकाळी पाळी बदलताना कारखान्यावर जायचं असतं."

"मालकीण, उपोषणाला बसायचं म्हणजे बसायचं. मधे उठून टॉवेल मोजायला जायचं नाही."

मी मुकादमाला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला वाटलं, हे जमेल. रस एकदा पोटात गेला की मग पेज जाईल, पेज गेली की नळीचा प्रश्न उरणार नाही. मी हिशोबी बाई आहे आणि तो हिशोब मला पटला. रस फ्रिजमध्ये झाकून ठेवला होता, तो बाहेर काढून ठेवला, म्हणजे दाताला गार लागू नये.

दिवेलागणीला बाईने आप्पांच्या पलंगाशेजारी चटई घातली. मी मांडी घालून बसले. उपोषणकर्त्याच्या गळ्यात काहीतरी लागतं म्हणून म्हाताऱ्याने शोधाशोध केली आणि माझ्याच कारखान्यातला एक लाल टॉवेल माझ्या गळ्यात घातला. बाईला पदर तोंडाला लावून हसू आवरेना.

"कॉम्रेड, बघा कोण बसलंय."

आप्पा वळले.

"कुठल्या खात्यातल्या?" त्यांनी मला विचारलं.

"वाइंडिंग," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

"घरी कोण कोण?"

"म्हातारे वडील आहेत."

"त्यांच्याकडे कोण बघतं?"

"बाई ठेवलीय."

"बरं केलंत."

म्हाताऱ्याने घसा साफ केला. "कॉम्रेड, तुमची पाळी संपली. यांची सुरू झाली. आता तुम्ही रस घ्यायचा आणि उठायचं."

मी पेला पुढे केला. आप्पांनी तो घेतला, दोन्ही हातांनी. बाई दारात थांबली. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली, झालं. आप्पांनी मान उशीवरून उचलली. बाईने धावत जाऊन पाठीशी लोड दिला आणि ते बसते झाले. कितीतरी दिवसांनी त्यांची पाठ सरळ झाली होती. त्यांनी एका हाताने पेला धरला, दुसरा डोक्यावरून फिरवून केस बसवले. मग सोबत्याला विचारलं, "पत्रकार आले?"

म्हातारा गडबडला. "आले, साहेब," तो म्हणाला. जन्मात त्याने आप्पांना साहेब म्हटलं नव्हतं.

आप्पा माझ्याकडे वळले. तो फाटकावरचा आवाज मला लगेच ओळखू आला, तसाच खोल, तसाच ऊबदार, फक्त कापरा.

"ताई, तुमच्या मागण्या रास्त आहेत. सरकार तुमच्या पाठीशी आहे. तब्येतीची हेळसांड करू नका. घ्या."

आणि पेला माझ्या ओठांशी आला. हात इतका थरथरत होता की रस टॉवेलवर सांडायला लागला. मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"लेखी आहे का?" मी विचारलं. का विचारलं ते मला माहीत नाही.

"माझा शब्द आहे," आप्पा म्हणाले.

मी प्यायले. सगळा प्यावा लागला, कारण पेला रिकामा होईपर्यंत ते हात खाली घेईनात. संपल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा ते सगळ्यांच्याच ठेवायचे.

"फोटो झाला?"

"झाला, साहेब."

"चला," ते म्हणाले आणि लोडावरून घसरत परत आडवे झाले. कामातून सुटलेल्या माणसासारखे. बाईने पेला उचलला आणि आत बघितलं.

"ताई, तुमीच पिला की वो सगळा."

आम्ही हसलो. तिघंही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मी उरलेल्या मोसंब्या कापल्या, रस काढला, गाळला आणि बाईच्या हाती दिला. वाटलं, अजून त्या तंद्रीत असतील तर घेतील. आप्पांनी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. बाईने चमचा ओठांना लावला, म्हणाली, आजोबा, एक घोट, माज्यासाटी की. रस हनुवटीवरून उशीत गेला.

"साखळी आहे म्हणून सांगितलं ना," म्हातारा आता जवळजवळ विनवत होता. "कॉम्रेड, ऐक माझं. तुझी पाळी संपली."

"ती त्यांची," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. "आमचं आमरण आहे."

जाताना म्हातारा चपला शोधत ओट्यावर बराच वेळ वाकून राहिला. चपला समोरच होत्या.

"नळीचं तू ठरव, अम्मा. मला विचारू नको. मी शिस्तच म्हणणार, आणि मला आता वाटतंय की डॉक्टर बरोबर असेल."

"मला कळत नाही कोण बरोबर," मी म्हटलं.

"त्याने काय फरक पडतो?"

फरक पडत नव्हता. शिस्त असेल तर नळी घालणारी मी जेलर. आजार असेल तर जे तोंड गिळायचं विसरलंय त्याला काही महिने जास्त विसरायला लावायचं, हात बांधून. दोन्हीकडून उत्तर एकच निघत होतं, आणि ते काढायला मला इतका वेळ लागला याचं मला नवल वाटलं. भावाचा फोन आला. मी म्हटलं, उद्या बोलू. टॉवेलवर रसाचे डाग पडले होते, तो साबणात भिजत घातला. मोसंबीचा डाग वाळला की निघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन करून नळी नको म्हणून कळवलं. दूधवाल्याला उद्यापासून आप्पांच्या चहाचं अर्धा लिटर दूध कमी टाक म्हणून सांगितलं. मग पेल्यात पाणी घेतलं, चिमूटभर मीठ घालून ढवळलं आणि आप्पांना उठवायला आत गेले.